माझ्या लग्नाची सीडी

कॉम्प्युटर क्लासच्या पहिल्या दिवशी मी पोरांना हाताची पाच बोटं दाखवतो. मजकूर, चित्र, आवाज, ॲनिमेशन, व्हिडिओ. ही पाच एका जागी आली की मल्टिमीडिया, असं म्हणून मूठ आवळतो. पोरं वहीत मूठ काढतात. लोहाऱ्यात बसस्टँडच्या मागं माझ्या दोन खोल्या आहेत. आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा चालू. दिवसा शिकवणी आणि संध्याकाळी त्याच खोलीत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग. शिकवायला मी बरा आहे, पण रागीट. दोनदा सांगून कळलं नाही की तिसऱ्यांदा माझा आवाज रस्त्यावर ऐकू जातो. जिला कधीच काही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही अशी एकच विद्यार्थिनी मला मिळाली, आणि ती माझी धाकटी बहीण होती.

आमचं घर सास्तूरकडच्या एका गावात. अप्पांचं तिथं किराणा-भुसाराचं दुकान. अव्वा, आमची आई, आजारपणात गेली तेव्हा मी बारावीला होतो आणि बहीण चौथीला. अप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. चौथीतली पोरगी पाटावर उभी राहून भाकरी भाजायला शिकली, आणि पुढं माझं लग्न ठरलं तेव्हा घरातली बाई तीच होती. बस्ता तिनं बांधला, रुखवत मांडलेलं तिनं बघितलं, पाहुण्यांचे रुसवे तिनं काढले. मी नुसता नवरदेव होतो.

बारावीनंतर ती माझ्या मोटारसायकलवर मागं बसून रोज क्लासला येऊ लागली. फोटोतला माणूस मागच्या चित्रापासून सोडवायचा असला की मी कात्रीनं कापल्यासारखी कड काढायचो. ती कानाजवळची बटसुद्धा सोडवून घ्यायची. म्हणायची, ‘‘अण्णा, कड मऊ ठिव की. माणूस काय पुठ्ठ्याचा आसतो व्हय?’’ वर्षभरात मी तिच्याकडून शिकायला लागलो होतो, पण तसं तिला कधी म्हणालो नाही. माझ्या लग्नाचं मिक्सिंगही तिनंच केलं होतं.

नंतर तिला पुण्याला नोकरी लागली. शाळेच्या धड्यांसाठी हलती चित्रं करायचं काम. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं, दुसऱ्या जातीतल्या. लग्नाच्या दोन महिने आधी तिनं मला फोन केला. ‘‘अण्णा, अप्पांशी तू बोल. तुझं ऐकतील.’’ मी म्हणालो, ‘‘बघतो.’’ आपल्याकडं बघतो म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. तिलाही कळलं असणार. दोन महिन्यांनी कचेरीत सह्या झाल्या आणि गावात ती बातमी आमच्या आधी पोचली.

अप्पा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. माझं वेगळंच झालं. पोरींच्या बॅचमधल्या निम्म्या पोरी यायच्या बंद झाल्या. एकीचा बाप चहाच्या टपरीवर मला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘त्यानं सोताच्या भनीलाच आसलं शिकिवलं, आपल्या लेकीचं काय सांगावं?’’ मला राग यायला हवा होता त्या माणसाचा. आला बहिणीचा. जवळच्या माणसावर राग काढणं सोपं असतं, तो कुठं पळून जात नाही असं आपण धरून चालतो.

नवव्या दिवशी अप्पा क्लासात आले. आयुष्यात पहिल्यांदा. कपाळावर विभूती आणि हातात पोतं. पोत्यातून त्यांनी घरातल्या भिंतीवरचे पाच फोटो काढून टेबलावर ठेवले.

‘‘हिला यातनं काढ.’’

‘‘समद्यातनं?’’

‘‘समद्यातनं. माज्या नजरंला पडाय नको.’’

पाणीसुद्धा न पिता ते परतीच्या गाडीला गेले.

लोकांना वाटतं, माणूस पुसला की झालं. तसं नसतं. माणूस पुसला की पांढरं भोक पडतं. त्याच्यामागं भिंत होती की झाड, हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं. मग शेजारची भिंत उचलायची आणि थोडीथोडी त्या भोकात भरायची, रंग जुळवायचा, सावली जुळवायची. मी ते केलं. चार फोटो दोन दिवसांत झाले. पाचवा अव्वाचा होता. अव्वा खुर्चीत बसलेली आणि मांडीवर सहा महिन्यांची बहीण. मी बाळ काढलं आणि त्या जागी लुगड्याची नक्षी भरली. अव्वाचे हात मात्र बदलता येईनात. कुशीत काही नसताना ते तसेच धरलेले राहिले. तसाच फोटो छापला आणि चौकटीत बसवून घरी टांगला. अप्पांनी एकदा बघितलं आणि दुकानात निघून गेले.

लग्नाच्या सीडीचं अप्पांनी वेगळं नाव घेतलं नव्हतं. पण समद्यातनं म्हणजे समद्यातनं, असं म्हणून मी तीही घेतली. तिला पंधरा दिवस लागले.

आता जे सांगायचं ते लिहिताना हात जड होतोय. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, तिची प्रत काढायची आणि प्रतीवर काम करायचं, हा माझ्या क्लासातला पहिला नियम आहे. तो मोडला म्हणून मी पोरांना उठाबशा काढायला लावल्यात. त्या दिवशी सगळं काम संपल्यावर मी मूळ फोटो, लग्नाचं मूळ चित्रण, तिनं केलेलं मिक्सिंग, सगळं निवडलं आणि कचऱ्याच्या डब्यातही जाणार नाही अशा तऱ्हेनं काढून टाकलं. कॉम्प्युटर विचारतो, कायमचं काढायचं का? मी होय म्हणालो. जुने कागदी फोटो, निगेटिव्ह, कॅमेऱ्याच्या टेपा, जुन्या सीड्या बंबात घातल्या आणि त्या पाण्यानं आंघोळ केली. हे अप्पांनी सांगितलं नव्हतं. हे माझं.

सात वर्षं गेली. ना तिचा फोन, ना आमचा. यंदा संक्रांतीच्या सुमारास अप्पांची डावी बाजू गेली. उपचार झाले, बोलता येऊ लागलं, पण हात तसाच. एका सकाळी चहा पाजत होतो, तर मधेच म्हणाले, ‘‘तिला बोलाव.’’ कुणाला ते विचारावं लागलं नाही.

ती रविवारी आली, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन. दारात बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ‘‘या वन्सं’’ म्हणून हात धरून आत नेलं. अप्पांनी चांगला हात नातीच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी पाणी आणायच्या निमित्तानं दोनदा आत गेलो. बहिणीच्या डोळ्याला चष्मा लागला होता. भिंतीवरच्या फोटोंकडं तिनं एकदा नजर फिरवली. अव्वाच्या फोटोपाशी थांबली. मग पदरानं चष्मा पुसला आणि अप्पांच्या उशाशी बसली.

जेवणं झाल्यावर पोरगी फोटो बघत हिंडत होती. ‘‘आई, यात तू कुठंच नाहीस?’’

अप्पा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. ‘‘हाय की. मामाच्या लग्नात बघ तुजी आई कशी मिरवलीया. लाव रं ती सीडी.’’

‘‘त्यात न्हाय ती, अप्पा.’’

‘‘ती न्हवं. जुनी. खरी लाव.’’

‘‘जुनी न्हाय आता.’’

‘‘न्हाय म्हंजी? म्या काढ म्हणलो, तू काढलास. पर काढल्याला माल कुटं तरी ठिवलाच आसशील की. पोत्यातनं काढलेलं कोन फेकतं व्हय?’’ मग ते नातीकडं बघून, जरा फुशारकीनंच म्हणाले, ‘‘म्या रागात बोललो हुतो. ह्यो ठिवील म्हणूनच बोललो. भाऊ हाय तो तिचा.’’

मला तिथून उठून जावंसं वाटलं. सात वर्षं अप्पा त्या पुसलेल्या फोटोंकडं बघत होते ते या भरवशावर, आणि तो भरवसा माझ्यावर होता. मी तोंड उघडणार इतक्यात बहीण म्हणाली, ‘‘अप्पा, हार्ड डिस्क उडतीया कधीकधी. आमच्या हापिसातबी हुतं. अण्णा काय करणार त्याला?’’

‘‘व्हय का?’’ अप्पा म्हणाले. ‘‘यंत्रच शेवटी ते.’’

ती माझ्याकडं बघत नव्हती. हे काम कसं होतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी पुसलं आणि खोटं ती बोलली.

पोरगी हट्टालाच पेटली, मामाचं लग्न तरी दाखवा. बायकोनं कपाटातून पेनड्राइव्ह काढून टीव्हीला लावला. तिला बिचारीला काय माहीत. तिनं ते नवं मिक्सिंग एकदाच बघितलं होतं आणि फुलं लई झालीत एवढंच म्हणाली होती.

व्हिडिओतून माणूस काढणं फोटोसारखं नसतं. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात आणि प्रत्येकात माणूस जरा हललेला असतो. त्यामुळं जिथं दृश्य कापता आलं तिथं कापलं. पण बहीण हळदीत होती, अक्षतांच्या वेळी माझ्या पाठीमागं कलश घेऊन उभी होती, पंगतीत वाढत होती. सगळं कापलं असतं तर माझं लग्नच उरलं नसतं. मग मी आमच्या धंद्यातला नेहमीचा उपाय केला. तिच्यावर गुलाब टाकले. मिक्सिंगमध्ये तयार मिळतात तसले, फिरत येणारे, उमलणारे. ती चालली की गुलाब तिच्याबरोबर चालायचा. एकही चित्र सुटलं नव्हतं. कडासुद्धा मऊ ठेवल्या होत्या.

‘‘मामा, सारखे गुलाब का येतात?’’ पोरीनं विचारलं.

मग बहीणच म्हणाली, ‘‘जिथं मी आहे ना, तिथं गुलाब येतो.’’

पोरीला ते फार आवडलं. ती टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. ‘‘आई आली! आई मामाला हळद लावतीय! आता आई तिकडं गेली!’’ प्रत्येक गुलाबाला ती टाळी वाजवत होती. बायको उठून आत गेली. मला टीव्ही बंद करायचं धाडस होत नव्हतं.

पंगतीचं दृश्य आलं. सगळे जेवून उठल्यावर अप्पांनी बहिणीला हाताला धरून शेजारी बसवलं होतं आणि स्वतःच्या हातानं पहिला घास भरवला होता. पडद्यावर अप्पा एका मोठ्या गुलाबाला घास भरवत होते. वर मी सनईचं गाणं घातलं होतं.

‘‘आज्जा आईला भरवतोय!’’ पोरगी ओरडली.

अप्पा बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘‘तवा तू कायतरी म्हणली हुतीस बग. म्या हसलो हुतो. काय म्हणली हुतीस?’’

बहिणीनं आठवून बघितलं. ‘‘ध्यानात न्हाय, अप्पा.’’

मला माहीत होतं. तो आवाज बंद करून त्यावर गाणं बसवताना कुठून कुठपर्यंत कापायचं हे ठरवायला मी ती पंगत वीस वेळा तरी ऐकली होती. ते वाक्य आता जगात फक्त माझ्याकडं होतं. एवढं तरी परत द्यावं म्हणून मी बोललो.

‘‘ती म्हणली हुती, ‘अप्पा, वैनी आली म्हणून मला इसरू नगा. दुपारची भाकरी माज्याच हातची खायाची.’ ’’

अप्पांचा चांगला हात डोळ्यांवर गेला. त्यांचे खांदे हलायला लागले तशी पोरगी गप्प झाली आणि आईजवळ सरकली. बहिणीनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

‘‘तू हे ऐकला हुतास?’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् ऐकून काढलास?’’

मी मान हलवली. तिनं अप्पांचे डोळे पदरानं पुसले, त्यांची उशी नीट केली आणि पोरीच्या चपला शोधायला ती बाहेर गेली.