आंबट द्राक्षाची वाईन

मंडळी, नव्वदीला टेकलेल्या माणसानं आज पहिल्यांदा वाईन चाखली. हसू नका, ऐका.

आमच्या सूनबाईनं, रेखानं, ईट गावच्या रानात वर्मेंटिनो नावाची परदेशी द्राक्षं लावलीत. हंगामात मी एक मणी तोंडात टाकला. बारका, आंबट, वर आत बिया. आपल्याकडं द्राक्ष म्हणजे टपोरं अन् गोड. मी म्हणालो, "बाग उपटा." रान माझ्या नावावर, तरी तिनं हंगामाची द्राक्षं वायनरीला धाडली.

आज दुपारी तिनं त्याच द्राक्षांची थंडगार पांढरी वाईन वायनरीतनं आणून पुढ्यात ठेवली. "मामा, एकदा चाखा. मग म्हणालात तर उद्याच उपटते."

आमच्या घरात थेंब चालत न्हाय. निजामाच्या राज्यात वडिलांनी शिंदीची, म्हणजे जिच्या रसाची दारू होते ती, झाडं तोडली होती. मी तेच ऐकवलं.

"व्हय मामा, पण शिंदीचा महसूल निजामाला मिळू नये म्हणून तोडली ना? ही बाग तर आपलीच हाय."

बोलणं खरं! घेतला घोट. आधी कैरीच्या फोडीसारखी चटक, मग लिंबाच्या सालीचा वास, शेवटी जराशी खारट. जीभ कशी लख्ख झाली. ज्या आंबटपणाला मी नावं ठेवली, सगळी मजा त्याचीच होती.

"बाग राहू दे," मी म्हणालो. "बांधापातुर वाढव."

रेखाचे डोळे भरले, पण जीभ तिखटच. "मग दुसरा ग्लास भरू?"

"नको गं, वडील वरनं बघायलेत!"

बाग वाढव म्हणालो ते बरोबरच केलं. मंडळी, तुमच्या वडिलांनी काय म्हटलं असतं, सांगा बरं?