मतदानाची रांग आणि आमचा दत्ताराम

शुक्रवारची सुट्टी होती. इथे आखातात, गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी नववीतली मुलगी सायली इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली होती. धडा दोन महायुद्धांमधल्या जर्मनीचा. एका पावासाठी ढकलगाडीभर नोटा, हाताला काम नाही, सरकार नीट बसायच्या आत पडतंय, पक्षांच्या टोळ्या रस्त्यात एकमेकांची डोकी फोडतायत.

"लोकशाही जाणारच होती, बाबा," ती म्हणाली. "इट वॉज फिनिश्ड."

मला राग आला. "असं खलास म्हणून मोकळं व्हायचं नसतं. हे सगळं मी पाहिलंय."

"यू वर इन जर्मनी?"

जर्मनीत कशाला असेन? आज मी इथेच, सखीरकडच्या एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. मी सांगतोय तेव्हा फौजेत, इन्फंट्रीत हवालदार होतो आणि आमची कंपनी शांतिसेनेत, आफ्रिकेतल्या एका देशात तैनात होती. तिथल्या नोटांना कुणी विचारत नव्हतं, बाजार मिठाच्या पुड्यांवर चालायचा. यादवी नुकतीच संपली होती आणि पहिली निवडणूक तोंडावर होती. आमच्याकडे एका गावातलं मतदान केंद्र होतं, शाळेत. ऑर्डर साधी: केंद्राचं संरक्षण करा, कुणाची बाजू घेऊ नका.

दिवस ठरलेला असे. पहाटे पेट्रोलिंग, मग वेपन क्लीनिंग, संध्याकाळी रोल कॉल. लंगरचा, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचा, कुक लान्स नाईक दत्ताराम, सिंधुदुर्गातला. या देशात नारळ मिळत नाही म्हणून तो सगळ्या देशावरच रुसला होता.

मतदानाच्या दिवशी उजाडायच्या आधीच शाळेबाहेर लांबच लांब रांग लागली. मतपत्रिकांचा ट्रक मात्र आला नाही, चिखलात अडकला होता. ऊन चढलं तशी अफवा उठली की मतपत्रिका पळवल्या. दोन्ही पक्षांची पोरं कोयते घेऊन कोपऱ्यांवर जमू लागली. रांग मोडली तर दंगल होणार, दंगल झाली तर तिथलं मतदान रद्द होणार. काही पुढाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं.

दत्ताराम माझ्याजवळ आला. "उस्ताद, भुकेल्या माणसाक राग पयलो येता. डाळभात टाकू?"

मी कंपनी कमांडर मेजर साहेबांना विचारलं. केंद्राची प्रमुख तिथलीच एक शिक्षिका होती. तिने दुभाष्यामार्फत बजावलं, "एकाला जरी आधी वाढलंत तरी मी मतदान सुरूच करणार नाही."

"कुणीच आधी नाही," साहेब म्हणाले. "रांग आहे तशी जेवेल."

फौजेत बडाखाना असतो. त्या दिवशी ऑफिसर जवानांना वाढतात. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि डाव हातात घेतला. मेजर भात वाढतोय हे लोक बघतच राहिले. तेवढ्यात एक पुढारी जीपमधून उतरून थेट डेगेपाशी आला.

"मागे," साहेब म्हणाले.

तो खरंच मागे गेला. रांगभर हशा पिकला, आणि कोपऱ्यांवरची पोरंही एकेक करून रांगेत येऊन उभी राहिली. दुपारी ट्रक आला. मतदान सुरू झालं.

मग एक पिकअप भरधाव आली आणि तिच्यातून फायर झाला. आम्ही उत्तर दिलं. पिकअप पळाली. दत्ताराम डेगेजवळ पडला होता. मी वायरलेसवर बटालियनला हाक दिली, त्यांचं सांकेतिक नाव टायगर.

"टायगर, वन कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"रॉजर. पोलिंगचं काय? ओव्हर."

मी बघितलं. सगळी रांग जमिनीवर पालथी पडली होती. मला वाटलं, आता उठतील आणि पळत सुटतील. सर्वांत आधी एक म्हातारी उठली. लुगडं झटकावं तसे तिने कपडे झटकले आणि पुढच्या माणसाला हाताला धरून उठवलं. मग एकेक जण उठला. तुमच्या पुढे कोण होतं, माझ्या मागे कोण होतं, असं एकमेकांना विचारत प्रत्येकजण आपापल्या जागी उभा राहिला. त्यात दोन्ही पक्षांची माणसं होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"टायगर, पोलिंग चालू आहे. ओव्हर."

दत्ताराम हेलिकॉप्टरमध्येच गेला.

त्या देशात भांडणं आजही आहेत, पण सरकार मतांनीच बदलतं. मागच्या निवडणुकीचे फोटो मी इथे फोनवर पाहिले. रांगा होत्या. मी सायलीला तेही दाखवले. तिने ते निरखून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, त्या अंकलच्या घरी कोणी सांगितलं?"

मीच सांगितलं होतं. रजेवर आलो तसा आधी त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "सगळे जेवले मां रे?"

"सगळे जेवले, आई. आणि सगळ्यांनी मत दिलं."