बसायची नोकरी

खुर्ची कमळाकर मढवीच्या घरात आली ती मारामारीने.

घणसोलीची भातजमीन सरकारजमा झाली आणि त्या बदल्यात काही घरांना रबाळ्याच्या लोखंड वितळवायच्या कारखान्यात एकेक नोकरी मिळाली. भट्टीपुढे उभं राहिलं की अंगाची सालटी निघायची. बसायचं काम एकच होतं, भट्टीची वीज कमीजास्त करायच्या पॅनेलवरचं. खुर्चीच्या पाठीला भिंत, भिंतीवर हाताएवढ्या जाड तांब्याच्या पट्ट्या. भट्टीची सगळी वीज त्यांतून जायची. गावाने ठरवलं, जमीन आपली गेली तर बसायची जागाही आपलीच.

तिथे दत्तू बसायचा, परभणीकडचा. सत्त्याहत्तर साली त्याला गेटबाहेर गाठलं. कमळाकरने सळईने त्याचे चार दात पाडले. दत्तू रक्त थुंकत भट्टीपुढे गेला. खुर्चीत कमळाकरचा चुलता शिवराम बसला.

ब्याऐंशी साली शिवराम डोक्यातल्या गाठीने गेला. शेवटी भिंतीवर कपाळ आपटायचा. तिघांना धरावं लागे. गावाचा नियम होता, माणूस गेला तरी खुर्ची घरातच राहते. तेराव्याचे दिवस झाले आणि कमळाकर खुर्चीत बसला.

भट्टी चालू झाली की पाठीमागे घुमायला लागे. टेबलावरचे खिळे आपोआप थरथरत, एकमेकांना चिकटत. भट्टीवाले हसत.

"कमळाकर, वैनी पन अशीच चिकटते काय रं?"

चार वर्षांनी त्याचा डावा हात जड झाला. मग एका दुपारी तो पॅनेलवरच कोसळला. आकडीच्या झटक्यांत जीभ चावली, अर्धी तुटली. मुंबईच्या इस्पितळात डोक्याचा फोटो निघाला. गाठ. शिवरामला होती तशीच.

"साहेब, ही खुर्चीनी केली?" त्याने तुटक्या जिभेने विचारलं.

डॉक्टरांनी बराच वेळ फोटो पाहिला. विजेजवळ काम करणाऱ्यांवर परदेशात संशोधन चाललंय, म्हणाले. कुणी हो म्हणतं, कुणी नाही. दोन माणसांवरून सांगता येत नाही.

"तिसरा बसला का सांगता येल?"

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला.

तिसरा ठरलेला होता. धाकटा भाऊ कान्हा, बावीस वर्षांचा. सोमवारी कंपनीची तपासणी होती, त्यात हातपाय धड लागत. रविवारी तो ओटीवर बुटांना पॉलिश करत बसला होता.

"जाव नको," कमळाकर म्हणाला.

"का?"

"शिवरामकाका मेला. मी मरतोय."

"डॉक्टरनी खुर्चीचा नाव घेतला?"

"नाय."

"मग? तुज्या डोक्यान गाठ हाय दादा, माज्या नाय. सगुनावैनीला कोन पोसंल? तू?"

कमळाकर घरात गेला. बायको, सगुणा, भात कांडत होती. तिच्या हातातून त्याने मुसळ घेतलं. तिला वाटलं, आज ह्यांना बरं वाटतंय. तो ओटीवर आला. कान्हाचा उजवा हात बुटात होता. कमळाकरने एका हाताने मुसळ उचललं आणि मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज परसापर्यंत गेला. कान्हा ओरडायच्या आत दुसरा घाव कोपरावर बसला. बूट रक्ताने भरला. सगुणाने नवऱ्याच्या कमरेला मिठी घातली, तरी त्याने तिसरा घातला.

कान्हाला रिक्षात घालून नेलं. कमळाकर भिंतीला टेकून बसला. धाप लागली होती, पण मन थंड होतं. आता घरातलं कुणी बसणार नव्हतं.

तासाभराने शेजारचा बाजीराव आला. ओटीवरचं रक्त चुकवून उकिडवा बसला.

"कान्हाचा ऐकला. वंगाळ झाला." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमच्यान आता कोनी जानार नाय तं कंपनीला आमच्या मधुकरचा नाव सांग. तुजा शब्द लागतो."

"तिथं गाठ येते, बाजीराव."

"येल तवा बगू. पोरगा बसून तरी खाईल."

कमळाकरने मुसळाकडे हात नेला. उजवा हातही आता उचलेना. मुसळ घरंगळत बाजीरावच्या पायाशी गेलं. त्याने ते उचललं, धोतराने पुसलं, आणि कोपऱ्यात नीट उभं केलं.

"सांगशील ना?" त्याने पुन्हा विचारलं.