डोहातली चरखी

"हा गळाचा दांडा कुणाचा, तेवढं सांगा आणि परतीची मोटार धरा," इंदापूरचे फौजदार म्हणाले.

मला हसूच आलं. पुण्याच्या कॅम्पात माझं दुकान. साहेबलोकांच्या बंदुका, घड्याळं आणि मासेमारीचं सामान दुरुस्त करणं हा माझा धंदा. वस्तू कसली, ते मी सांगेन. कुणाची, ते ज्योतिषाला विचारावं. पण चौकीच्या कोपऱ्यात बेड्या घातलेला एक म्हातारा उकिडवा बसला होता आणि माझ्या तोंडाकडं एकटक बघत होता. माझं हसू तिथंच जिरलं.

तो भिवा भोई. नरसिंहपूरला संगमावर नाव चालवायचा. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बारामतीच्या कालव्यावरचा गोरा इंजिनिअर त्याच्या नावेतून गळ टाकायला गेला आणि त्याच दिवशी भीमेला पूर आला. साहेब परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही. आणि आता भर उन्हाळ्यात हा दांडा भिवाच्या झोपडीत सापडला होता.

"साहेबाचा ठरला की म्हातारा फासावर," फौजदार म्हणाले. "अंगठी-घड्याळासाठी बुडवलं त्याला. दुसरं काय?"

"न्हाय वो सरकार," भिवाचा आवाज चिरका झाला. "देवाच्या डोहातलं मासं कुणी धरत न्हाय, म्हणून मी साहेबाला हात जोडलं. त्येनं मलाच हाकलला आन् डोहाच्या काठाला एकला बसला. पूर उतरल्यावर बघतो तर ह्यो दांडा उंबराच्या मुळांत अडकलेला. तवापास्नं तितंच व्हता. रोज नाव काढताना टोक दिसायचं. पर डोहातली काडीबी काढू न्हाय, आसं हाय आमच्यात. औंदा पाणी आटलं, दांडा कोरड्यात आला, तवा उचलला."

"इतके दिवस समोर पितळ दिसतंय आणि उचललं नाही! मला शेंडी लावतोस?"

मी दांडा उजेडात घेतला. चांगलं विलायती लाकूड, तीन तुकड्यांचं, पितळी जोडाचं. मुठीपाशी चरखी. म्हणजे आपल्या पतंगाच्या चरखीसारखीच, पण पितळेची. तिच्यावर दोरी गुंडाळलेली असते. मासा दोरी ओढायला लागला की आतली दातेरी चकती किर्र वाजते. चरखी माझ्या आजोबांच्या वेळची असावी. अशा सामानावर कारखान्याचं नाव कोरलेलं असतं. इथं नाव नाही, नंबर नाही, मालकाचं अक्षरसुद्धा नाही.

खूण नसली की आम्ही झीज बघतो, आणि दुरुस्ती बघतो. मी चरखी उलटी केली. मागच्या पत्र्यावर एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा नवा होता. त्याची खाच मधोमध नव्हती, किंचित एका बाजूला गेली होती.

हातानं स्क्रू करताना माझी खाच कायम अशीच बाजूला जाते. वडील असेपर्यंत त्यावरून बोलणी खायचो.

"फौजदारसाहेब, हा स्क्रू माझा आहे. गेल्या दिवाळीत एका साहेबानं ही चरखी दुकानात आणली होती."

"गेल्या दिवाळीत?" फौजदारांनी फायलीतून एक फोटो काढून पुढं टाकला. कालव्याच्या बांधावर उभे पाचसात गोरे. "ह्यांत आहे तो?"

"हा. हॅट हातात धरलेला."

फौजदारांचा चेहरा उतरला. "मिस्त्री, हाच तर बुडालेला माणूस. नीट बघा."

नीट काय बघायचं? उंच, पांढराफटक, गालावर व्रण. गिऱ्हाइकांच्या गर्दीतही लक्षात राहिला होता. ऊन पडलेलं, तरी त्याचे बूट ओले. मला वाटलं, रस्त्यावर पाणी मारलं असेल. चरखी वरून लखलखीत, पण वजनाला जड आणि फिरतच नव्हती. मी म्हटलं, उघडून साफ करून देतो. तर माझं मनगट धरून म्हणाला, "खोलना मत. सिर्फ स्क्रू." हात बर्फासारखा गार होता. स्क्रू बसवून दिल्यावर त्यानं चरखी कानाशी धरली आणि किती तरी वेळ ऐकत राहिला. तिच्यातून कसलाही आवाज येत नव्हता.

हे सगळं मी सांगितलं. फौजदारांनी जबाब लिहून घेतला. दिवाळीत साहेब पुण्यात हिंडत होता, तर भिवानं त्याला आदल्या वर्षी बुडवला कसा? साहेब दांडा नदीत टाकून कुठं तरी पळाला असणार, असं ठरलं. म्हाताऱ्याच्या बेड्या निघाल्या. तो माझ्या पायाच पडायला लागला. अहो, मला लाजल्यासारखं झालं.

"आता एवढी चरखी साफ करून द्या," फौजदार म्हणाले. "साहेबाच्या मडमेला विलायतेला पाठवायची आहे." आणि ते जेवायला गेले.

मी ओसरीवर बसून माझा स्क्रू काढला आणि पत्रा उचकटला. आत नदीचा काळा गाळ गच्च भरलेला, विटेसारखा कडक. त्यातून उंबराची केसासारखी मुळं दात्यांभोवती गुंडाळत गेली होती. माझा स्क्रू जिथून आत शिरला होता, तिथं गाळाला त्याच्या आट्यांचा ठसा होता. आणि वाटेत आलेली मुळं स्वच्छ कापली गेली होती.

म्हणजे मुळं आधी. स्क्रू नंतर.

दिवाळीत दुकानात मी जी चरखी हातात धरली, ती तेव्हाच डोहात रुजलेली होती.

भिवा पायरीवर पाणी पीत बसला होता. मी विचारलं, "तात्या, खरं सांगा. दिवाळीत दांडा डोहातच होता?"

"व्हता की." त्यानं तांब्या खाली ठेवला. "फकस्त एक दिस न्हवता. पाडव्याला नाव पुजायला गेलो, तर टोक दिसंना. सांजच्याला परत तितंच. आमी म्हटलं, देवानं न्हेला, देवानं आनला."

"हे फौजदारांना का नाही सांगितलं?"

"आदीच खोटा ठरलो व्हतो, मिस्त्री. वर आनि येडा ठरलो असतो."

मी गाळाला हात लावला नाही. पत्रा बसवला, माझा स्क्रू होता तसा आवळला, चरखी वरून पुसली आणि फौजदारांच्या टेबलावर ठेवून पहिली मोटार धरली. जबाबात एक अक्षर खोटं नव्हतं. स्क्रू माझा होता आणि गिऱ्हाईक फोटोतलंच होतं. पुढं सरकारनं साहेबाचा पुष्कळ शोध घेतला. भिवाला परत कुणी त्रास दिला नाही.

तेव्हापासून दुकानात चरखी आली की मी आधी ती उघडतो, मग दुरुस्तीचं बोलतो. "उघडू नका" म्हणणाऱ्याला सरळ सांगतो, बाबा, दुसरं दुकान बघ. आणि हे सांगताना त्याचे बूट बघून घेतो.