नऊशे नव्याण्णव अंडी

वालूरच्या दगडाबाईला पन्नाशीत व्हिडिओ गेमचं वेड लागलं.

तिचा भाऊ सटवाजी हैदराबादला कारखान्यात होता. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो आला, तेव्हा बहिणीला लुगडं आणि स्वतःच्या करमणुकीला तळहाताएवढा एक डबा घेऊन आला. काचेत चार कोंबड्या. त्या अंडी टाकायच्या, अंडी उतारावरून गडगडत यायची आणि बटण दाबून टोपलं नेमकं खाली न्यायचं. तीन फुटली की खेळ खलास.

"याला व्हिडिओ गेम म्हणतेत, आक्का," सटवाजी म्हणाला. चार दिवसांनी तो निघाला तेव्हा आक्का डब्यातून मान वर करीना. तो हसला आणि डबा तिच्याकडंच ठेवून गेला.

काचेतलं उजेडातच दिसायचं. म्हणून दुपारची भाकरी झाली की ती ओट्यावर बसायची. नवरा बन्सीधर म्हणायचा, "अगं, परसात खऱ्या कोंबड्या हायेत. त्यांची अंडी कोण उचलावं?"

"त्या कुटं मला असं पळवतेत?"

तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. कापूस तोलायच्या काट्याजवळ उभी राहून शिकली होती. झेललेली अंडी डबा मोजायचा, पण त्या आकड्याला तीनच घरं. नऊशे नव्याण्णवच्या पुढं काय होतं, ते सटवाजीलाही ठाऊक नव्हतं. ते बघायचंच, असं तिच्या मनानं घेतलं.

अंगणापलीकडं थोरली जाऊ कडूबाई राहायची. नवरा गेलेला, लेकरूबाळ नाही. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दोघींचं वाजलं होतं आणि चार वर्षं बोलणं बंद होतं. एका दुपारी मात्र दगडाबाईच्या पाठीमागून आवाज आला, "उजवीकडून आली बग!" हात आपोआप फिरला, अंडं वाचलं. तिनं वळून पाहिलं, तर कडूबाई चाळणी सावरत आपल्या दाराकडं निघालेली.

महिना-दीड महिन्यानं कोंबड्या फिक्या पडत गेल्या आणि एक दिवस दिसेनाशा झाल्या. सेल संपला होता, शर्टाच्या बटणाएवढा. दगडाबाई सेलूला जाऊन आली. तिथं तसला सेल कुणी बघितलासुद्धा नव्हता. परत आली आणि न जेवता पडून राहिली.

सकाळी कडूबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी. बोलली ती बन्सीधरशी. "भावजी, परभणीला दवाखान्याच्या गल्लीत घड्याळाची दुकानं हायेत. मला ठावं हाय. तिला म्हणावं, यायचं असंल तर चल."

एसटीत दोघी एका बाकड्यावर बसल्या, मधे पिशवी ठेवून. परभणी येईस्तोवर ती पिशवी मधेच राहिली.

तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं पत्र्याच्या डबीतून एक सेल शोधून काढला. जरा पातळ होता. त्यानं खाली चांदीच्या कागदाची घडी सारली आणि कोंबड्या एकदम काळ्याभोर झाल्या. दगडाबाई तिथंच पायरीवर बसली. "हितंच खेळून बगते. घरी जाऊन बंद पडला मंजे?"

त्या दिवशी हात असा बसला की आकडा थांबेना. चारशे झाले. सहाशे झाले. काचेवर ऊन चमकायला लागलं, तशी कडूबाईनं पदर पसरून सावली धरली.

"पाणी पी, दगडा."

"आता न्हाई, बाई. फुटंल."

चार वर्षांनी ती थोरल्या जावेला 'बाई' म्हणाली होती. कडूबाईनं पदर आणखी पुढं ओढला. दुकानदार दारात येऊन उभा राहिला. गिऱ्हाइकंही थांबली.

नऊशे अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. आणि काचेत एकदम तीन शून्यं आली. कोंबड्या आपल्या अंडी टाकीतच होत्या.

दगडाबाईनं बटणांवरची बोटं काढली. अंडी फटाफट फुटली. "समदं गेलं, बाई."

"कुटं गेलं? मी बगायले न्हवते का? ह्या सगळ्यांनी बगितलं." कडूबाई तिच्या शेजारी पायरीवर टेकली. "डब्याला इसरायचं तर इसरू दे."

दगडाबाईला हसू आलं, डोळेही भरले. तिनं पदरानं काच पुसली आणि डबा जावेच्या हातात दिला. कडूबाईनं चार अंडी झेलली, तीन फोडली.

दोघींची एसटी कधीच निघून गेली होती. पुढच्या गाडीनं त्या दिवस मावळता वालूरला आल्या. बन्सीधर फाट्यावर वाट बघत उभा होता. दोघी उतरल्या त्या भांडतच. सातशेच्या वेळी खालचं अंडं कुणामुळं वाचलं, यावरून. त्यानं पिशवी घेतली आणि त्यांच्या मागं, जरा अंतर ठेवून, ते भांडण ऐकत ऐकत घरापर्यंत आला.