बिठूरचं पिठलं

आमच्या घरात सहलीची आखणी माझ्याकडे असते. बाकीच्यांवर सोपवली तर आपण लखनौच्याच शहीद पथावर एक चक्कर मारून घरी परत येऊ, अशी माझी खात्री आहे. नवरा गाडी चालवतो, पण "जिकडे रस्ता चांगला तिकडे" यापलीकडे त्याचं मत नसतं. मुलीला खोलीत वायफाय असलं की पुरतं. त्यामुळे कुठे राहायचं, काय खायचं, काय बघायचं हे सगळं मी ठरवते आणि मग सगळे मिळून मला नावं ठेवतात.

त्या फेब्रुवारीतली सहल मात्र हौसेची नव्हती. ती बाबांना थांबवून घेण्यासाठी होती.

आई गेल्यावर बाबा कऱ्हाडहून आमच्याकडे लखनौला आले. मी एकुलती एक. नवऱ्याची नोकरी बँकेतली, बदल्या होत होत आम्ही इथे पोचलो आणि वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेऊन बसलो. "थंडीपुरता येतो," असं बाबा म्हणाले होते. थंडी ओसरायला लागली तसं त्यांनी कुणाला न विचारता पुण्याचं विमान ठरवून टाकलं. तेही सकाळचं, म्हणजे पहाटेच घर सोडायचं. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस त्या बंद घराचं कुलूप काढून एकटा आत जाणार, हे मला पटत नव्हतं. "थांबा ना," म्हटलं की ते नुसते "बघू" म्हणायचे. तालुक्याच्या कोर्टात त्यांनी नाझर म्हणून नोकरी केली. तारखा पुढे ढकललेल्या त्यांनी जन्मभर पाहिल्या, पण स्वतःची तारीख काही हलवेनात.

आईबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. मी विषय काढला की चष्मा पुसत बसायचे.

मग मी माझ्या परीने लखनौचं कऱ्हाड करायला घेतलं. ज्वारीचं पीठ पुण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मागवलं. रोज भाकरी, ठेचा, भरलं वांगं, आणि दुपारच्या चहाबरोबर भडंग. संध्याकाळी मराठी मालिका लावून ठेवायची. बाबा दोन घास खाऊन ताट सरकवायचे. आणि हाच माणूस सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायचा तो कोपऱ्यावर दही-जलेबी खाऊन यायचा! भाजीवाल्या भैयाशी तर त्यांची गट्टीच जमली होती. कोर्टात मुरलेलं त्यांचं मराठी, त्यात फिर्याद, वकालत, तहकूब असले उर्दूतही चालणारे शब्द ठासून भरलेले. तो भाजीवाला म्हणायचा, "बाबूजी, आप तो यहीं के लगते हैं." बाबा खूश व्हायचे आणि घरी येऊन भाकरीकडे नुसते बघत बसायचे. मला राग यायचा. म्हणजे बाहेरच्या जिलबीला माझ्या भाकरीपेक्षा जास्त किंमत?

सहल ठरवताना मी पदर खोचला. आधी कानपूरजवळचं बिठूर, कारण पेशव्यांचे शेवटचे दिवस तिथे गेले आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही अजून तिथे आहेत. अशाच एका कुटुंबाच्या, गंगेच्या घाटाजवळच्या घरात मुक्काम. तिथून झाशी, किल्ला आणि गणपतीचं देऊळ. तिथेही मराठी जेवण देणारी एक बाई मी फोनवरून शोधून काढली होती. मग ओरछा, कारण झाशीपर्यंत गेलोच आहोत तर. रविवारी परत आणि सोमवारी सकाळी बाबांचं विमान. चार दिवस आपल्या माणसांत, आपल्या जेवणावर काढले की त्यांना वाटेल, अरे, इथेही सगळं आपलंच तर आहे. असा माझा हिशेब.

मुलगी अकरावीत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. तिने माझ्या खांद्यावरून नकाशा पाहिला.

"आई, यूपी में रोड ट्रिप है या यूपी में महाराष्ट्र ढूँढना है?"

"आबांसाठी आहे ती ट्रिप."

"आबा से पूछा?"

"त्यांना काय विचारायचं?" मी म्हटलं. आणि गाडीच्या डिकीत ज्वारीच्या पिठाची पिशवी ठेवली.

आम्ही गुरुवारी निघालो. सरोजिनी नगर मागे पडलं, कानपूर रोडची ट्रकांची रांग लागली. धुकं विरळ झालं होतं, दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी झाली होती. उन्नावच्या अलीकडे एका टपरीवर मातीच्या कुल्हडमधून चहा आणि बन-मख्खन मिळत होतं. बाबांनी काच खाली केली. "थांबू या का जरा?"

"बाबा, मी दशम्या आणल्यात," मी म्हटलं आणि डबा मागून पुढे दिला. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, पण गाडी थांबवली नाही. बाबांनी एक दशमी घेतली, अर्धी खाल्ली आणि उरलेली रुमालात गुंडाळून ठेवली.

बिठूरचं घर मला पाहताक्षणी आवडलं. पुढे ओसरी, अंगणात तुळस, मागच्या जिन्यावरून गंगा दिसायची. घरमालकीण माझ्याच वयाची असावी. आडनाव अस्सल मराठी, पण मी मराठीत बोलायला लागले तशी ती संकोचून हसली. "मराठी तो बस आरती में बची है, दीदी. दादीजी बोलती थीं." तरीही माझ्या फोनवरच्या सूचना तिने मनापासून पाळल्या होत्या. दुपारी तिने बाबांसमोर ताट ठेवलं. लसणाची फोडणी दिलेलं पिठलं, मी दिलेल्या पिठाची जराशी तडकलेली भाकरी, फोडलेला कांदा. "पहली बार बनाया है, बाबूजी. देखिए, ठीक है?"

बाबांनी एक घास घेतला. मग हात तसाच ताटावर राहिला. ते उठले, "माफ कीजिए," म्हणाले, हात धुतला आणि घाटाकडे चालू लागले.

ती बिचारी घाबरली. मी तिला काहीतरी सांगून बाबांच्या मागे गेले. ते खालच्या पायऱ्यांवर बसले होते. मला काळजी वाटत होती आणि तितकाच संतापही आला होता.

"इतकं करते मी तुमच्यासाठी," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "जेवण असं टाकून उठायचं? काय वाटलं असेल तिला? एवढं वाईट होतं का पिठलं?"

"चांगलं होतं," बाबा म्हणाले. "अगदी तसंच होतं."

मी बसले.

"तू रोज माझ्यापुढे तिचं ताट ठेवतेस," ते नदीकडे बघत म्हणाले. "भाकरी तिची, ठेचा तिचा, संध्याकाळी ती बघायची त्याच मालिका. सगळं आहे आणि ती तेवढी नाही. मग हे कऱ्हाडात बसून सोसलं काय आणि इथे सोसलं काय! तिथे निदान तुला त्रास नाही." मग म्हणाले, "ती लखनौला कधी आली नव्हती. म्हणून मला इथे आल्यावर बरं वाटलं होतं. सकाळी बाहेर पडलो की एकही वस्तू ओळखीची नाही. जरा वेळ डोकं शांत राहायचं. मग घरी यायचो तर तू भाकरी थापत असायचीस."

"मग सांगायचं ना आधी!"

"कसं सांगणार? तू इतक्या मायेनं करत होतीस."

मला रडू फुटलं. त्यांना थांबवण्यासाठी मी जे जे केलं, त्यानेच त्यांना जायला लावलं होतं, हे तर खरंच. पण आणखीही एक गोष्ट मला तिथे बसल्यावर कळली. ती भाकरी मलाच हवी होती. आई माझीही गेली होती, आणि तिच्या हातचं काहीतरी रोज या घरात शिजत राहावं म्हणून मी बाबांना पुढे करत होते. मी तसं बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

वर आलो तेव्हा घरमालकिणीने आपल्या घरच्यांसाठी केलेल्या पुऱ्या आणि कद्दूची सब्जी स्वयंपाकघरात होती. बाबा तिथेच पाटावर बसले आणि म्हणाले, "बेटी, वो नहीं, ये वाला दीजिए." आमच्याकडे तांबडा भोपळा ते कधी ताटात वाढून घेत नसत. इथे मेथीदाण्याच्या फोडणीची ती आंबटगोड भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी मी माझी आखणी मुलीच्या हातात दिली. असं करायला मला किती कष्ट पडले ते माझं मलाच माहीत. "आता तू ठरव," मी म्हटलं. तिने मोबाईल घेऊन आबांच्या शेजारी बैठक मारली. "आबा, किला देखना है?" "किल्ले पुष्कळ पाहिले." "तो कन्नौज चलें? वहाँ इत्र बनता है." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. झाशीच्या बाईला मी फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि मला चक्क हलकं वाटलं.

कन्नौजच्या रस्त्याला बटाट्याची काढणी चालू होती, शेतांच्या कडेला पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. बाबा म्हणतील तिथे आम्ही गाडी थांबवत गेलो, त्यामुळे पोचायला दुपार झाली. मुलीने शोधलेली खोली एका जुन्या अत्तराच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला होती. खाली तांब्याच्या मोठ्या देगांखाली लाकडं जळत असायची आणि वर उशीच्या अभ्र्यालाही गुलाबाचा वास. मी ठरवत असते तर ही खोली कधीच घेतली नसती, न्हाणीघर अंगणापलीकडे होतं. पण तिथे आम्ही सगळे मजेत राहिलो. गल्लीत मिळणारे साखरेचे गट्टे, तिथली खास मिठाई, बाबा खिशात घेऊन फिरायचे.

दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतल्या एका अत्तराच्या दुकानात आम्ही शिरलो. दुकानदार बाबांच्याच वयाचे. त्यांनी कापसाचा बोळा खसाच्या, म्हणजे आपल्या वाळ्याच्या, अत्तरात बुडवून बाबांच्या मनगटाला लावला. बाबांनी वास घेतला आणि एकदम हसले.

"हमारी मिसेस को खुशबू से छींक आती थी," ते म्हणाले. "शादी में मैंने अत्तर लगाया था. मंडप में छींक-छींक के बेजार! भटजी रुक गए. उसके बाद मैंने कभी नहीं लगाया."

"पूरी ज़िंदगी?"

"पूरी ज़िंदगी."

"अब कहाँ हैं?"

"गुज़र गईं. पिछले साल."

दुकानदारांनी बोळा खाली ठेवला. "अल्लाह सब्र दे. बैठिए, चाय पीते हैं."

आणि बाबा बसले. त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत आईबद्दल बोलत राहिले. ती भांडायची कशी, रागावली की वाढताना पळी कशी आपटायची, दवाखान्यात शेवटी काय म्हणाली. आमच्यापाशी मराठीत ज्यातलं काही बाहेर पडलं नव्हतं, ते सगळं त्या परक्या माणसासमोर परक्या भाषेत घडाघडा बाहेर येत होतं. मी बाटल्या बघण्याचं सोंग करत ऐकत होते. क्षणभर मला त्या दुकानदाराचा हेवा वाटला. मग वाटलं, असू दे, बोलले तर खरं. मुलगी आबांचा हात धरून बसली होती.

रविवारी आम्ही एक्सप्रेस-वेने परत निघालो. बाबांनी खसाची कुपी घेतली होती आणि मनगटाला सढळ हाताने लावलीही होती. गाडी त्या वासाने भरून गेली आणि माझ्या नवऱ्याला शिंकांवर शिंका सुरू झाल्या. "जावईबापू, तुम्ही पण?" म्हणून बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी त्यांना असं हसताना किती दिवसांनी पाहत होते! पण जसजसं लखनौ जवळ येत गेलं तसतशी मी उरलेले तास मोजू लागले. पहाटे विमानतळाकडे निघायचं होतं, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. थांबा म्हणायचा धीरही आता होत नव्हता.

दिवे लागायच्या सुमाराला घरी पोचलो. बाबांची बॅग नवऱ्याने दाराशीच ठेवली, पहाटे न्यायला सोपी म्हणून.

"बाहेरून काहीतरी मागवते," मी म्हटलं. "खस्ता कचोरी, मटर, तुम्ही सांगाल ते. उगाच भाकरीबिकरी नको."

बाबा सोफ्यावर बसून मोजे काढत होते.

"पिठलं कर," ते म्हणाले.

मी थबकले. "नक्की?"

"हो. लसूण जरा जास्त घाल, ती घालायची तसा." आणि मग, दुसरा मोजा काढता काढता, "आणि थोडं जास्तच कर. सकाळी शिळं पिठलं बरं लागतं मला."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बॅग उचलली आणि बाबांच्या खोलीत नेऊन ठेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन डाळीच्या पिठाचा डबा उघडला. मला इतका आनंद झाला होता की फोडणीत मीठ घातलं, आणि पीठ घोटताना पुन्हा घातलं. पिठलं खारट झालं. बाबांनी ते सकाळी ऊन वर आल्यावर दह्याशी खाल्लं, आणि भांडं पुसून घेतलं.