पाहुणीसाठी स्वच्छ केलेली विहीर

मैत्रिणींनो, आपली ही फिरती वही पुढे देण्याआधी वाचा. आज सकाळी घडलं ते असं:

१. ऑनर्सच्या संशोधनासाठी ठाकुर्लीच्या एका विहिरीचं पाणी घ्यायला गेले.
२. उकळून घेतलेली बाटली दोरीने खाली सोडली. पाणी गुलाबी आलं.
३. विहिरीच्या मालकीणबाई हसल्या. "तू येनार म्हनून कालच लाल औषद टाकलं. पाव्हनीला घान पानी दाखवू काय?"

लाल औषधाने जंतू मरतात, आणि मला तेच जंतू मोजायचे आहेत. त्यांच्यावर रागावता आलं नाही. येणार असल्याचा निरोप मीच पाठवला होता. शेवटचा नमुना सोमवारी दिला नाही, तर वर्ष जाईल.

तुमच्यापैकी कोणाच्या दारात विहीर आहे का? शनिवारपर्यंत मला कळवा. मी येणार आहे हे घरी मात्र सांगू नका.